दीड बोटाची खोट आणि सोळा खांबांचा गोठा

या ब्लॉगवर आजवर किल्ले झाले, लेणी झाली, कोकणातली दोन-चार समुद्रकिनाऱ्यांची गावं झाली. या वेळी मी गोठा बघायला गेले होते. तोही भर मे महिन्यात, बीड जिल्ह्यात. ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच ऊन लागलंय.

झालं असं. माझे वडील, आप्पा, सुतार आहेत. वय अडुसष्ट. चौसाळ्याजवळच्या एका वाडीतून विशीत पुण्याला आले आणि हडपसरला त्यांनी आयुष्यभर प्लायवूडची कपाटं, किचनचे ओटे, शोकेस केले. मला ते सनमायकावाले आप्पा म्हणूनच ठाऊक. मार्चमध्ये त्यांना गावाकडून फोन आला. अन्वर मिस्त्री नावाचे तिथले सुतार बोलत होते. वाडीतला जुना सोळा खांबी गोठा एका बाईंनी विकत घेतलाय, तो एका बाजूला खचलाय, आणि बाईंचा हट्ट आहे की ज्यांनी तो उभा केला त्यांच्या घरचं माणूस येऊन बघू दे. गोठा उभा केला होता माझ्या आजोबांनी. हाताखाली होते अठरा-एकोणीस वर्षांचे आप्पा.

मला वाटलं आप्पा उडी मारून तयार होतील. ते म्हणाले, "बघू." मग गुडघा दुखतोय म्हणाले, मग ऊन फार आहे म्हणाले. दीड महिना असाच गेला. शेवटी मीच चार दिवसांची रजा टाकली आणि त्यांच्या हत्यारांची पेटी गाडीत ठेवली. पेटी गाडीत गेल्यावर ते मुकाट्याने येऊन बसले.

पहिला दिवस

पहाटे साडेपाचला निघालात तर वाघोली आणि रांजणगावची गर्दी चुकते. आम्ही सहाला निघालो आणि चुकवता आली नाही. नगरला नाश्ता केला. गाडी सीएनजीवर असेल तर टाकी इथेच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. नगरहून जामखेडचा रस्ता धरायचा. आष्टीच्या अलीकडे एका साध्या धाब्यावर आम्ही शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. काळा मसाला, वर तेलाचा तवंग, आणि नाकातून-डोळ्यांतून पाणी. दोघांचं पोट भरून तीनशेच्या आत काम झालं. वाढणाऱ्या माणसाने आप्पांना विचारलं, "कुटं निगालाव?" आणि आप्पा सहज म्हणाले, "चौसाळ्याकडं. लई दिसानं चाललोय." चाळीसेक वर्षं पुण्याची झालेली त्यांची भाषा आष्टीच्या एका भाकरीत परत फिरली. मी गंमत म्हणून तसंच बोलायला गेले तर म्हणाले, "तुला न्हाई जमायचं बाई."

जामखेड, सौताडा, पाटोदा करत मांजरसुंब्याला आलो. तिथली रबडी खायला विसरू नका. तिथून हायवेला उजवीकडे वळलं की थोड्याच वेळात चौसाळा येतं. बाजारपेठ मोठी आहे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या सगळं मिळतं. वाडी तिथून आत सात-आठ किलोमीटर. वाडीचं नाव मी लिहीत नाहीये, कारण मालकीणबाईंनी बजावलंय, "लोक बगाया येतील अन् माझी जनावरं बुजतील."

या मालकीणबाई म्हणजे कौसाबाई. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. नवरा भानुदास आणि त्या मिळून वीस हंगाम ऊसतोडीला गेले. एप्रिलमध्ये नुकतेच परत आले होते. चहा देता देता मी विचारलं, की एवढ्या कष्टाच्या पैशातून गोठा का घेतला?

"वीस हंगाम कोपीत काडले," त्या म्हणाल्या. "चार बांबू अन् वर पाचट. हितं घरी आलं की पत्रा. ऊन डोक्यात शिरतं. ह्या माळवदाखाली भर दुपारी बी गार ऱ्हातं, मला लहानपणापून ठावं हाय. माझी माय ह्याच गोठ्यात शेण काडायची. मालकाचे बैल सावलीत आन् आमी उन्हात." मग हसून म्हणाल्या, "आता निम्म्यात माझी जनावरं आन् निम्म्यात मी."

मालक मंडळी कधीच बीडला राहायला गेली. गोठा पडायच्या बेताला आला तेव्हा शहरातले व्यापारी टेम्पो घेऊन येऊ लागले, सागवानी खांब हवेत म्हणून. त्यांच्या आधी, तोडीला जाण्यापूर्वीच, कौसाबाईंनी जागेसकट व्यवहार केला.

दुसरा दिवस

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दगडी बैठकीवर लाकडी खांब. खांबाच्या डोक्यावर आडवा बसवलेला कोरीव ठोकळा, त्याला हस्त म्हणतात. हस्तावर लांबलचक तुळई. तुळयांवर बारीक लाकडं दाट रचायची, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. हे सपाट मातीचं छत म्हणजे माळवद. या सगळ्यात खिळा नाही. लाकडात खाच, खाचेत दुसऱ्या लाकडाचं तासलेलं टोक म्हणजे कूस, कुशीला पाचर. एवढ्यावर वरची कित्येक टन माती उभी.

सकाळी आत शिरले आणि बाहेरचं ऊन जणू दारातच थांबलं. चार-चार खांबांच्या चार रांगा. हस्तांवर पोपट आणि केळफुलं कोरलेली. माझ्या आजोबांच्या हातची. मी फोटो काढत सुटले. आप्पा मात्र दारातच उभे होते.

पूर्वेच्या रांगेत, दाराकडून तिसऱ्या खांबावर तुळई दीडेक बोट खाली बसली होती. वर छताला खळगा पडला होता, त्यात पाणी साचून माती गळत होती. कौसाबाईंचे चुलत दीर दिगंबर तिथेच होते. ते स्लॅबची कामं घेतात. माणूस सरळ, पण मत ठाम.

"वहिनी, तुळई आतून कुजली हाय," ते म्हणाले. "एक कुजली म्हंजी बाकीच्या बी कुजल्यात. पावसाळ्यात बैलं घालताल हितं अन् समदं अंगावर येईल. सागवान इका, त्याच पैशात स्लॅब टाकून देतो."

अन्वर मिस्त्रींना ते पटत नव्हतं, पण तुळईचं टोक हस्तात दडलेलं, दिसणार कसं? कौसाबाई आप्पांकडे बघत होत्या. "बाबा, तुमी सांगा. तुमी न्हाई म्हणलं तर पाडते मी. माजं लेकरूबाळ हितं झोपनार हाय."

आप्पा तुळईखाली गेले. हातोड्याच्या दांड्याने टोकापासून ठोकत आले. टण, टण, टण. प्रत्येक ठोक्याला कान लावून. मग तिसऱ्या खांबाशी थांबले आणि त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"तुळई कुजली न्हाई," ते म्हणाले. "खांब तोकडा हाय."

दिगंबर म्हणाले, "तोकडा आसता तर तवाच दिसला आसता की. कावून कुणाला दिसला न्हाई?"

"मी दडवला म्हनून."

आप्पा खांबाला हात लावून उभे होते आणि त्याच्याशीच बोलल्यासारखं बोलत होते.

"बा तापानं निजला व्हता. मालकाला घाई, दुसऱ्या दिवशी तुळई चडवायची. मी म्हनलं, मी काडतो कूस. माप घेतलं, कापलं, अन् दीड बोट जास्ती कापलं गेलं. येवडा सागवानी खांब! बाला सांगायची हिंमत झाली न्हाई. हस्ताच्या बुडाला शेवरीच्या मऊ लाकडाची चकती घातली, वरून तेलात काजळी कालवून लावली. बा बरा होऊन आला, समद्या खांबांवरून हात फिरवला त्यानं. ह्याच्यावरून बी फिरवला. त्याला कळलं न्हाई. बा मेला तरी मी सांगितलं न्हाई. ती चकती आता वाळवीनं खाल्ली आसंल. बाकीच्या पंधरा खांबांत खोट न्हाई, ते बाचं काम हाय. ही एक खोट माझी हाय."

मला तेव्हा कळलं की गुडघ्याचं आणि उन्हाचं कारण काय होतं.

अन्वर मिस्त्री शिडी लावून वर चढले. हस्ताच्या बुडाशी पटाशी घातली. काजळीची खपली निघाली आणि मागून भुसा सांडला, निव्वळ पिवळा भुसा. त्यांनी बोट आत घातलं, मग तुळईच्या पोटावर पटाशीचं टोक दाबलं. ते आत जाईना. "लोखंड हाय लोखंड," ते ओरडले. "दिगंबरराव, या, बगा तुमी."

दिगंबर चढले, बघून उतरले. "म्हंजी खोट तुमचीच," ते आप्पांना म्हणाले.

"माझीच."

कौसाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "दीड बोट कमी आसून बी पन्नास वर्सं उभा ऱ्हायला की बाबा. आता पुरा करून द्या."

मान खाली घालून उभ्या असलेल्या माझ्या बापाचा त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा आजवर कधी वाटला नव्हता. हे लिहिताना सुद्धा शब्द नीट सापडत नाहीयेत.

तिसरा दिवस

अन्वर मिस्त्रींकडे दुसऱ्या गावच्या पाडलेल्या माळवदाचा एक सागवानी खांब होता, लांबीला भरपूर. सकाळी सातला आप्पांनी पेटी उघडली. माप घेतलं. परत घेतलं. मग अन्वर मिस्त्रींना घ्यायला लावलं. मग मला म्हणाले, "तू घे." मी टेप धरला आणि आकडा वाचून दाखवला, तेव्हा कुठे त्यांनी करवत लावली.

प्लायचं काम मशीनवर चालतं, त्याला आवाज फार. इथे करवतीची सरसर, मग किंकऱ्यावर, म्हणजे अरुंद छिन्नीवर, लाकडी मोगरीचे ठोके, मग वाकसाने तासणं. आप्पांचे हात मी रोज बघते, पण ते असे चालतात हे मला माहीत नव्हतं. अन्वर मिस्त्री जवळ बसून बघत होते. "हे असं उलटं धरून कोरायचं आमाला कुनी शिकिवलंच न्हाई," ते म्हणाले. आप्पांनी किंकरं त्यांच्या हातात दिलं आणि कुशीची एक बाजू त्यांच्याकडून करून घेतली.

तोवर छतावर बायकांची रांग लागली होती. कौसाबाई आणि त्यांच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या पाच जणी. दोन खणांवरची, म्हणजे खांबांमधल्या दोन गाळ्यांवरची माती घमेल्यांनी उतरवायची होती, तुळईवरचा भार कमी करायला. मीही चढले. अर्ध्या तासात माझे हात गेले, त्या थांबेनात.

तुळई उचलायला जॅक कुठून आणायचे हा प्रश्न दिगंबरांनी सोडवला. ऊस वाहणारे ट्रॅक्टर हंगाम संपल्यामुळे वाडीत उभेच होते. त्यांचे दोन जॅक आले. खांबाच्या दोन्ही बाजूंना बाभळीचे जाड टेकू, त्यांच्याखाली जॅक. एकावर भानुदास, दुसऱ्यावर स्वतः दिगंबर. स्लॅबवाला माणूस माळवदाखाली घामाघूम होत होता, आणि मला तो फार आवडला.

"दोगांनी संगंच," आप्पा म्हणाले. त्यांचा तळवा तुळईवर होता. "आर्दा फेरा. थांबा. आर्दा."

तुळई कण्हली. वरून माती सांडली. भानुदासांनी हात काढला. आप्पा शांतपणे म्हणाले, "बोलू द्या तिला. गप झाली की फुडं."

आप्पांनी बाकीच्या खांबांच्या पातळीत ताणलेल्या दोरीला तुळई टेकायला पाऊण तास लागला. मग जुना खांब बाहेर, नवा आत, बुडाची कूस दगडी बैठकीत. डोक्याची कूस हस्तात शिरली. "सोडा," आप्पा म्हणाले. जॅक उतरले, तुळई खाली आली आणि खट्ट असा एकच आवाज झाला.

आप्पांनी सांध्यावर अंगठ्याचं नख लावून पाहिलं. नख आत जाईना. त्यांनी अन्वर मिस्त्रींना बघायला लावलं, दिगंबरांना लावलं. मग खांबाला पाठ टेकवून खाली बसले आणि पाणी मागितलं.

"आप्पा, कसं वाटतंय?" मी विचारलं.

"बाला दाखवायला पायजे व्हतं," एवढंच ते म्हणाले.

जुना खांब आप्पांनी वाया जाऊ दिला नाही. त्याचे दोन तुकडे करून कौसाबाईंच्या चुलीकडच्या दाराला उंबरा आणि वरची पट्टी केली.

चौथा दिवस आणि परत

सकाळी लिंबाचा पाला, मग चिखल, मग गावाबाहेरच्या जुन्या पांढरीवरून, म्हणजे मोडलेल्या गावठाणावरून, आणलेली माती. बायकांनी ती पायांनी तुडवून बसवली. दर मे महिन्यात वरून हात फिरवला की छत टिकतं, असं अन्वर मिस्त्री म्हणतात. निघताना कौसाबाईंनी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि माझ्यासाठी चोळीचा एक खण दिला. आप्पांनी मजुरी घेतली नाही. कौसाबाईंनी मग ऐकूनच घेतलं नाही आणि शेंगांचं अर्धं पोतं डिकीत टाकलं.

तुम्हाला अशी माळवदं बघायची असतील तर हायवे सोडा आणि चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत हळू गाडी चालवत फिरा. एप्रिल-मे गरम असतो, पण तोडीला गेलेली माणसं घरी आलेली असतात आणि छतांची कामं तेव्हाच चालतात. मुक्कामाला बीडमध्ये साध्या लॉज आहेत. कुणाच्या घरात शिरण्याआधी विचारा, आणि खांब विकत मिळेल का असं मात्र चुकूनही विचारू नका.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. सोसायटीतले लोक, जुनी गिऱ्हाइकं, नातेवाईक, जो भेटेल तो आप्पांना विचारतो की गावाकडे काय काम काढलं होतं. मला वाटायचं ते पोपट आणि केळफुलांपासून सुरुवात करतील, सोळा खांब कसे चार सरळ रांगांत उभे आहेत ते सांगतील. ते तसं करत नाहीत. समोरच्याला बसवतात, उजव्या हाताचं एक बोट आणि त्याच्या शेजारचं अर्धं दाखवतात आणि म्हणतात, "एवढा तोकडा कापला होता मी." परवा आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी ते ऐकून हसले. आप्पाही हसले, अगदी मोकळे, आणि मग त्यांनी बाकीचं सगळं सांगितलं.