निबंधाच्या पायात पायताण

निबंधाच्या पायात मी पायताण घातलं. चूक माझीच.

मास्तरांनी सांगितलं होतं, ‘निबंधाला डोकं, पोट आणि पाय असतात. डोकं लहान, पाय लहान. पोट मात्र भरलेलं पाहिजे.’ विषय दिला, ‘व्यायामाचे फायदे’. मी कोडोलीचा. आमच्याकडं मास्तरनं सांगितलं की तसंच करायचं असतं. मी डोक्याला पैलवानाचा पटका बांधला. पोटात दूध घातलं, बदाम घातले, तूप, तांबडा रस्सा, भाकरी, कांदा, वर परत दूध. दीड पान नुसतं वाढत गेलो, कुठं पूर्णविराम म्हणून नाही. आणि पायांशी आल्यावर लिहिलं, ‘शेवटी पैलवान पायताण घालून तालमीतून घरी जातो.’

हसा. मीही हसतो. पण त्या दिवशी वर्ग हसला ते हसणं वेगळं होतं.

माझी जागा दाराशी, तरटावर. वही जमिनीवर ठेवायची आणि हात मागं घ्यायचा. मग मास्तर पगडी सावरत यायचे, छडीच्या टोकानं पान उलटायचे आणि वरूनच वाचायचे. त्या दिवशी मोठ्यानं वाचलं. रश्शापाशी दोनदा थांबले. पायताणाशी पोचले तेव्हा निम्मा वर्ग बाकावर आडवा झाला होता.

मास्तर म्हणाले, ‘डोक्यापासून निघालास आणि पायताणापर्यंत पोचलास. म्हणजे घरी पोचलास. आता तिथंच राहा.’

आमचं घर चांभाराचं. साऱ्या वर्गाला ठाऊक होतं.

मी काय केलं? मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. आपणच आधी हसलं की लागत नाही, असा माझा तेव्हा एक शोध होता. रात्री ताट अर्धवट टाकून उठलो तेव्हा कळलं की शोध खोटा आहे.

वार्षिक परीक्षेत निबंधात गेलो तर वर्ग जाणार, आणि वर्गाबरोबर बोर्डिंगातली जागा. मग कोडोली, वडिलांची रापी आणि आरी. त्या कामाची मला लाज नव्हती, आजही नाही. पण ते मास्तरांनी नेमून दिलं म्हणून करायचं नव्हतं.

वर्गात बाबालाल म्हणून एक होता, गडमुडशिंगीचा. बाकावर बसायचा, पण माझ्याशी तरटावर शेजारी बसल्यासारखं बोलायचा. रंकाळ्याच्या काठावर त्याला गाठलं आणि म्हटलं, तुझी निबंधाची वही दाखव. त्यानं उघडली आणि मी घाबरलो. सगळं पान तांबडं. मला वाटलं, ह्याला मास्तरांनी वहीतच मारलंय.

‘एवढ्या चुका?’

‘मास्तर तपासतोय न्हवं! हे बघ.’ समासात एकच शब्द पुन्हा पुन्हा तांबड्या शाईत लिहिलेला होता, ‘कशावरून?’

‘म्हंजे काय?’

‘म्हंजे असं. पोटात परिच्छेद असत्यात. एका परिच्छेदात एकच मुद्दा. त्यो पयल्याच वाक्यात सांगून टाकायचा. मग मास्तर इचारतोय, कशावरनं? मग दाखला द्यायचा. मग त्या दाखल्यानं काय ठरलं, ते सांगायचं. झालं की फुडच्या परिच्छेदात जायाचं.’

‘आनि रस्सा?’

‘रस्सा खायाचा, मर्दा. लिव्हलासच, तर त्यो मुद्द्याच्या कामाला आला पायजे. तुझा नुसता उकळतोय.’

मी माझी वही काढली. पानं उलटली. दोन वर्षांची वही. तांबडा ठिपका नाही.

आता माझा दुसरा मूर्खपणा ऐका. त्या कोऱ्या समासाचा मला अभिमान होता. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांना वही दाखवून म्हटलं होतं, ‘बघा, एक चूक निघत न्हाई माझी.’ वडिलांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी हात धोतराला पुसून वही घेतली होती आणि कपाळाला लावली होती.

रंकाळ्यावर बसल्या बसल्या ती कपाळाला लावलेली वही आठवली आणि अंगाची लाही झाली. चुका निघत नव्हत्या, कारण वहीला हातच लागत नव्हता. छडी पान उलटते. छडीला शाई नसते. बाबालालला मास्तर विचारत होते, कशावरून? मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मला हसत होते, तेवढंच.

पुढचा विषय आला, ‘विद्येचे महत्त्व’. या वेळी पोट भरलं नाही. एकच परिच्छेद नीट लिहिला, चार वेळा खोडून. मास्तर त्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, ‘आज मी वाकत नाही. तूच वाच. पोरांना जरा करमणूक होऊ दे.’

मी उठलो. वाचलं.

‘न शिवता विद्या देता येत नाही. कातडे न शिवता पायताण होत नाही, तसाच वहीला न शिवता विद्यार्थी होत नाही. दाखला याच वर्गात आहे. माझी वही दोन वर्षे जमिनीवर असते व छडीने उलटली जाते. तीत तांबड्या शाईचा ठिपका नाही. याचा अर्थ माझ्या चुका नाहीत असा नव्हे, त्या कोणी काढल्या नाहीत असा आहे. ज्याच्या चुका काढल्या जात नाहीत, त्याला शिकविले जात नाही. म्हणून मी वर्गात बसतो, पण शाळेत नाही.’

कुणी हसलं नाही.

मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘कशावरून?’

मी वही उघडून सगळ्या वर्गाला दिसेल अशी वर धरली. ‘ह्याच्यावरनं.’

मास्तरांचं तोंड उतरलं, मग तापलं. ‘खोड ते.’

‘तुम्ही खोडा, मास्तर. हातात घेऊन.’

‘चालता हो वर्गाबाहेर!’

मागच्या भिंतीवर आमच्या संस्थानच्या महाराजांचा हुकूम डकवलेला होता, की शाळेत कुणाला वेगळं बसवू नये. हुकूम भिंतीवर, मी तरटावर. आता मी बाहेर. पण बोर्डिंगात गेलो नाही. वर्गाच्या खिडकीशी उभा राहिलो आणि गजांतून वही आत धरली. हात भरून आला की हात बदलला. दुसऱ्या दिवशी परत उभा. तिसऱ्या दिवशीही. पोरं आधी खिदळली, मग गप्प झाली. हेडमास्तर तिकडून एकदा गेले, पुन्हा गेले. शेवटी दारात थांबले, आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या हुकुमाकडं. मग मास्तरांकडं. गेले.

मास्तर खिडकीशी आले. बोटांना उपरण्याचं टोक गुंडाळून वही ओढून घेतली. मेजावर ठेवली, टाक बुडवला. पण उपरण्यात हात धरून कागद दाबता येत नाही. पान घसरायला लागलं, शाई ओघळली. वर्ग बघत होता. मास्तरांनी उपरणं सोडलं आणि उघडा तळवा माझ्या पानावर दाबून धरला.

लिहून झाल्यावर वही खिडकीतून माझ्या हातात टाकली आणि सगळ्यांसमोर तांब्या घेऊन हात धुतला. चांगला कोपरापर्यंत.

धुवू दे. हात धुता येतो. शाई माझ्या वहीत राहिली.

मी तिथंच ठरवलं, आजपासून माझी वही जमिनीवर टेकणार नाही. तरटावर मी बसणार नाही. उद्या निबंध लिहीन, परवा लिहीन, प्रत्येक निबंध त्यांच्या हातात देईन आणि हातातून घेईन. ते हात धुतील, मी लिहीन. बघू आधी काय संपतंय, त्यांच्या तांब्यातलं पाणी का माझे मुद्दे.

सुटीत बाबालाल धावत आला. मी मोठ्या ऐटीत पान उघडून त्याच्यापुढं धरलं. वरपासून खालपर्यंत तांबडं. त्यानं पान वाचलं, उलटून मागची बाजू वाचली, मग माझ्याकडं बघितलं.

‘लेका, तुझं शुद्धलेखन हे असलं? मास्तर शिवत नव्हता तेच बरं हुतं की रं तुझं.’