उंबऱ्याशी थांबणारी घरमालकीण

हिराबाय गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. फळ्यावरची आकृती अर्धी टाकून घणसोलीला निघाले, पण पोचेपर्यंत तिला नेलं होतं. ओट्यावर तिची चूल थंड होती आणि शेजारी शंकरराव गळ्यातली तुळशीची माळ चाचपत बसले होते... याला आता महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच चांगलं बोलतात. मी तर ती समोर असतानाही बोलायचे, आणि तीच "पुरे गो मास्तरनी" म्हणून मला गप्प करायची.

ती आमची घरमालकीण. गावठाणातल्या तिच्या एका खोलीत मी राहायचे. दुसरीत, तिच्या भिंतीला भिंत लागून, शंकरराव आणि त्यांची मुलगी सुनंदा. शंकरराव साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी, पक्के माळकरी. बायको वारलेली. हिराबायही विधवा, आगरी, आणि गावाची धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई. आधी देवांना आमंत्रण, मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. संध्याकाळी भाकरी थापतानाही तिचा गळा चालू असायचा आणि भिंतीपलीकडे शंकररावांचं भजन. दोघांचं जुळलं ते असं, भिंतीतून. आम्हाला कळायच्या आधी ते सुनंदाला कळलं.

ती पोर भडकलीच. "माळकऱ्याच्या घरात मासळी शिजवणारी बाई? माझ्या आईच्या भांड्यांत?" पोती उचलणारे शंकरराव, पण मुलीपुढे नुसती माळ चाचपत बसायचे. मी हिराबायला शहाणपणा शिकवायला गेले, सोड की मासळी, प्रश्न मिटेल. ती म्हणाली, "सोरनार नाय. आज सोरीन, उद्या चोरून खाईन. त्या पोरीशी खोटा वागू?" आणि वर म्हणाली, "ती 'ये' बोलल, तवाच त्यांचा उंबरा ओलांडीन." घर तिचं, उंबरा तिचा! तरी पुढची दोन-तीन वर्षं ती पाण्याची कळशीसुद्धा बाहेरूनच द्यायची. सुनंदा तिला 'घरमालकीणबाई' म्हणायची, तेही भिंतीकडे बघून.

मग सुनंदाचं लग्न ठरलं. हळदीला गावाकडच्या बायका आल्या, खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि ही पोर पाटावर बसेना. "सगळ्यांना बोलावलंत. माझ्या आईला कुणी बोलावलं?" ती उठली, बाहेर गेली आणि शेजारच्या दारात उभी राहिली.

"मावशी, तुमी मेलेल्या माणसांना बोलावता ना? माझ्या आईला बोलवा."

हिराबाय हात धुऊन आली आणि उंबऱ्याशी थांबली. "येऊ का आत?"

"या."

"आयचा नाव काय तुझ्या?"

"लक्ष्मी."

आणि हिराबाय गायला लागली. देव झाले, गावदेवी झाली, मग लक्ष्मीबाई. घाट उतरून ये, लेकीला हळद लागतेय, पहिला हात तुझा... जिच्या जागी स्वतः यायचं होतं, तिलाच ती मानानं बोलवत होती. मी ढसाढसा रडले. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी शंकरराव आणि हिराबायवर पहिल्या अक्षता सुनंदानं टाकल्या. मासळीची चूल ओट्यावर गेली, भांडी वेगळी झाली. शंकरराव तिला लसूण सोलून द्यायचे आणि बोंबील तव्यावर पडले की उपरणं नाकाला लावायचंच काय ते बाकी ठेवायचे. सुनंदा माहेरी आली की मात्र हिराबाय दाराशी थांबून विचारायचीच, "येऊ का गो?" सुनंदा चिडायची, "घर तुझं आहे मावशी!" ती हसायची, पण विचारायचं सोडलं नाही.

परवा शंकररावांना भेटायला गेले. सुनंदा आलेली होती. गल्लीत कुणाचं तरी लग्न होतं, धवले ऐकू येत होते. नवी धवलारीण मेलेल्यांची नावं घेऊ लागली तशी सुनंदा गलका नको म्हणून दार लोटायला उठली.

"राहू दे उघडं," शंकरराव म्हणाले. "ती विचारल्याबिगर आत यायची न्हाई."

सुनंदाचा हात दारावरच राहिला. मग तिनं दार पुरतं उघडलं आणि रिकाम्या ओट्याकडे बघून हिराबायच्याच बोलीत म्हणाली, "ये गो आय."