हक्कसोडीचा मसुदा

लखनौच्या एका लॉ कॉलेजात मी कौटुंबिक कायदा शिकवते. दरवर्षी मुलांना एकच प्रकल्प देते: घरी जा, आईला, आत्याला, मावशीला विचारा, वडिलांच्या घरात तुमचा वाटा होता, त्याचं काय झालं? पोरं उत्तरं गोळा करून आणतात आणि मी त्यावर तावातावाने बोलते. बोलायला माझ्या बापाचं काय जातं!

यंदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने वही उघडली आणि मलाच विचारलं, "मैम, आपने अपना हिस्सा लिया?"

वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले. बाबांच्या घरातला माझा वाटा मी दादाला सोडते, अशा हक्कसोडीचा मसुदा त्याने साताऱ्याहून पाठवला होता, तो महिनाभर माझ्या कपाटात पडून होता. सोबत चिठ्ठी: 'सुट्टीत आलीस की नोंदवून टाकू.' आणि मी, जगाला कायदा शिकवणारी शहाणी, तो न वाचताच हो म्हणून मोकळी झाले होते. आमच्याकडे बहिणी सोडतातच. साडी मिळते, गोडाचं जेवण होतं, माहेर शाबूत राहतं.

"अभी तक नहीं," मी म्हणाले आणि घाईघाईने फळ्याकडे वळले.

विकास नगरला घरी पोचेपर्यंत ई-रिक्षात मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. चहा टाकला, तो उतू गेला. मग दादाला फोन लावला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? वाटा गेला तर गेला, पण दादा तुटला तर मी कुणाकडे जाऊ?

"दादा, मी सही नाही करणार. घरात तूच राहा, पण कागदावर माझंही नाव राहू दे."

तो म्हणाला, "शिकवून शिकवून डोकं फिरलंय तुझं." आणि जरा थांबून, "राहू दे नाव. त्या निमित्ताने भांडायला तरी येशील."

मला हसूही आलं नि रडूही. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनीने फोन घेतला. आता ही झाडणार, म्हणून मी पदर खोचून तयार. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "माझ्या भावानेही तसलाच कागद पाठवलाय. त्याला काय म्हणायचं ते सांगा ना. थांबा, लिहून घेते."