छापाचं अंगण

"नाण्यावर कुठे घर चालतं का? तुम्ही तेव्हा तोंड उघडलं असतंत, तर आज माझा हात असा गळ्यात नसता," धाकटी म्हणत होती.

"अगं, नाणं पडलं त्याला मी काय करू? आणि उचललं कुणी? वहिनींनी. वहिनी मेल्या तरी खोटं बोलायच्या नाहीत."

"त्यांना कोण खोटं म्हणतंय? मी त्या मेल्या नाण्याला म्हणतेय!"

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ आणि दीर यांचं हे भांडण चाललं होतं, आणि अलीकडे थोरली ओली चादर हातात धरून उभी होती. चादर पिळायची राहूनच गेली. पाणी तिच्या पावलांवर ठिबकत राहिलं. दिराने तिच्या खरेपणाची ग्वाही दिली, जावेने शिव्या घातल्या त्या बिचाऱ्या नाण्याला. यापेक्षा दोघांनी मिळून आपल्यालाच चार शिव्या हासडल्या असत्या तर चादर तरी वाळत पडली असती, असं तिला वाटलं.

कारण नाणं खरं बोललं होतं. खोटं बोलली होती थोरली.

त्याचं असं झालं. घर एक, चुली दोन आणि पुढचं अंगण सामाईक. अंगण म्हणायचं आपलं, होती ती फाटकापासून दोन्ही दारांपर्यंतची मातीच. बाहेर गेलेली माणसं चपला घालून घरी यायची आणि निम्मी माती सोबत घेऊन यायची. अंगण पक्कं करायचं हे सगळ्यांना मान्य होतं. कशाने करायचं, यावर मात्र घराचे दोन तट पडले.

थोरलीच्या बहिणीच्या बंगल्यापुढे नवीन तऱ्हेचं काँक्रीट होतं. ओल्या काँक्रीटवर रंगाची भुकटी टाकतात, वरून रबराचे साचे दाबतात, आणि साचा उचलला की खाली जणू घडीव दगडांची फरसबंदी! त्यावर चकचकीत लेप. ते दाखवता दाखवता बहीण म्हणाली होती, "तुमच्याकडे अजून चिखलच का गं?" ते 'का गं' थोरलीच्या डोक्यात चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

धाकटीला हवे होते पेव्हर ब्लॉक. ती शिवणकाम करायची, तिला प्रत्येक गोष्ट उसवता आली पाहिजे असं वाटायचं. "ब्लॉक एकेक सुटा असतो, जाऊबाई. खालची पाण्याची नळी फुटली तर चार उचलायचे, नळी सांधायची, परत बसवायचे. आणि ते तुमचं छापाचं पाण्याने बुळबुळीत होतं. बादल्या घेऊन जायचं असतं मला तिथून."

"ब्लॉकच्या फटीत गवत उगवतं," थोरली म्हणाली. "मुंग्या संसार थाटतात. एखादा खचला की पाऊल पडेल तेव्हा वाजतो. अंगण आहे की बाजाची पेटी?"

"आणि तुमच्याला तडा गेला की?"

"जाईल तेव्हा बघू."

दोघींचे नवरे शहाणे. खर्च काय, एकोणीस-वीसच आहे, तुमचं तुम्ही ठरवा, असं म्हणून दोघेही वर्तमानपत्राआड गेले. शेवटी सासरे कंटाळले. त्यांना जावा मामंजी म्हणायच्या. मामंजी गंभीर चेहऱ्याने थट्टा करण्यात पटाईत.

"छापाचं काँक्रीट ना?" ते म्हणाले. "मग सोपं आहे. छापा पडला तर छापाचं, काटा पडला तर ब्लॉक. घर माझं, नाणंही माझं. नंतर कुणी हूं की चूं करायचं नाही."

नाणं उडालं, जमिनीवर आपटलं आणि गडगडत चपलांच्या फळीखाली गेलं.

"थोरले, बघ गं काय पडलंय."

थोरली गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून तिने फळीखाली पाहिलं. नाणं स्वस्थ पडलं होतं, आकडा वर करून. काटा. तिने ते मुठीत घेतलं, उठली आणि म्हणाली, "छापा."

तिला वाटलं होतं, कुणी तरी म्हणेल, बघू. कुणी म्हटलं नाही. धाकटीने नाक मुरडलं, पण एका क्षणात सरळही केलं. "बरं. पडला तो पडला," म्हणाली. मुठीतलं नाणं तिने मामंजींच्या हातात दिलं, ते त्यांनी न बघता खिशात टाकलं.

अंगण झालं. विटकरी रंगाचं, लखलखीत. येणारेजाणारे फाटकाशी थांबून बघायचे. थोरलीची छाप पडली म्हणायची. मग मुद्दाम बोलावलेली बहीण आली आणि फाटकातच थबकली.

"अगं बाई, हे घातलंत? आम्ही तर आमचं उखडतोय. लेप उडाला, पांढरे डाग पडले. आता ब्लॉक घालणार."

थोरलीने तिच्या चहात साखर कमी घातली. तेवढंच तिच्या हातात होतं.

पण हट्ट वाईट. अंगण ओलं असलं की रंग खुलतो, म्हणून थोरली रोज सकाळी बादल्या ओतून ते धुवायची. अशाच एका धुतलेल्या सकाळी धाकटी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आली आणि पाय सटकून आडवी झाली. उजवं मनगट अंगाखाली आलं. हाड सांधलं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. मशीनच्या सुईखाली कापड फिरवायचं तर मनगटच लागतं. अंगात बसेल असे कपडे शिवणारी बाई त्या सकाळनंतर काठ दुमडणारी, बटणं लावणारी आणि झिपा बदलणारी झाली.

भिंतीपलीकडचं ते भांडण त्याच दिवसांतलं.

चादर कशीबशी दोरीवर टाकून थोरली त्या दिवशी सांगायला गेलीसुद्धा होती. धाकटी डाव्या हाताने केस विंचरायची खटपट करत होती.

"बरं झालं आलात, जाऊबाई. वेणी घाला हो. यांना सांगितलं तर दोरखंड वळल्यासारखी वळतात."

थोरलीने वेणी घातली. शब्द घशापर्यंत यायचा आणि हातात केसांचा पेड असायचा. वेणी संपली, धाकटीने आरशात बघून मान डोलावली, आणि थोरली जशी गेली तशी परत आली. दुसऱ्या दिवशी धाकटीने कंगवा घेऊन तिलाच हाक मारली. प्लॅस्टर निघेपर्यंत ती वेणी घालत होती, आणि सांगायची वेळ रोज उद्यावर जात होती.

तिने अंगण धुणं बंद केलं आणि पुसणं सुरू केलं. धाकटीचं दार उघडायच्या आत ती फडकं घेऊन खाली बसायची आणि ओल टिपून काढायची. घरच्यांना भलताच विषय मिळाला.

"वहिनींचा महाल पुसून झाला का? आम्ही पाय ठेवू का?" दीर विचारायचा.

"स्वतःच्या तोंडाला कधी एवढी पावडर लावली नाही हिने," नवरा म्हणायचा.

थोरलीही हसायची. काय करणार? चोराला लोक हौशी म्हणायला लागले की चोराने हसावंच लागतं. हसून झाल्यावर मात्र तिला स्वतःच्या तोंडाकडे आरशात बघवायचं नाही.

धाकटीच्या कामाची ने-आणही तिने अंगावर घेतली. दुरुस्त झालेल्या कपड्यांचं गाठोडं धाकटी तिच्या पायरीवर ठेवायची, थोरली ते घरोघर पोचवायची आणि नवीन कामं, निरोप घेऊन यायची. गिऱ्हाइकं म्हणायची, जावा असाव्यात तर अशा. त्यावर थोरली "येते हं" म्हणून घाईने चालायला लागायची. लोकांना वाटायचं, बाईला स्वतःची स्तुती ऐकवत नाही. म्हणजे पुन्हा स्तुतीच.

मामंजी गेले. मुलं मोठी होऊन ज्याच्या त्याच्या कामाला लागली. दोघी जावांचे केस पांढरे झाले, अंगणाचा लेप उडून गेला आणि फाटकापासून एक तडा निघून मधोमध आला. आणि मग खालची नळी फुटली.

नळवाला दिवसभर घण घालत होता. नळी जोडली, खड्डा बुजवला, वर सिमेंट सारवलं. विटकरी अंगणाच्या छातीवर करडं ठिगळ बसलं. दोघी जावा आणि दीर ते बघत उभे राहिले.

"ठिगळ माझ्याकडे द्यायचं," धाकटी म्हणाली. "वाकड्या हाताने लावलं असतं तरी एवढं दिसलं नसतं."

"आता सगळंच उखडू या," दीर म्हणाला. "दादाही तेच म्हणतोय. काय घालायचं ते पुन्हा ठरवा. आणू का नाणं?"

"आणा. पण उचलायचं जाऊबाईंनी. या घरात तेवढा एकच हात भरवशाचा."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर थोरलीने सोसला असता, इतकी वर्षं तिने त्याचीच वाट बघितली होती. दीर हसत हसत नाणं शोधायला आत गेला.

"काटा होता," थोरली म्हणाली.

"कुठे?"

"तेव्हा. फळीखाली. काटा पडला होता. मी छापा म्हणाले."

धाकटीने आधी ठिगळाकडे बघितलं. मग तिने उजवा हात समोर धरून मनगट वळवून पाहिलं, जेवढं वळत होतं तेवढं.

"तुम्ही माझी वेणी घातलीत," ती म्हणाली.

"हो."

"रोज. मी लोकांना सांगत होते, ही जाऊ नाही, बहीण आहे माझी."

थोरलीला वर बघवेना. पायाखालच्या खोट्या दगडांच्या खोट्या सांध्यांवरून तिची नजर फिरत राहिली.

"तेव्हाच सांगितलं असतंत तर मी भांडले असते," धाकटी म्हणाली. "भांडी आपटली असती, अबोला धरला असता, माहेरी जाऊन आले असते. झालं असतं मग. आता या वयात मी ते भांडण कुठून आणू?"

"सापडलं!" दीर नाणं उंच धरून बाहेर आला.

"ठेवा ते आत. ब्लॉक घालायचे. ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघींनी," धाकटी म्हणाली आणि घरात गेली.

ब्लॉक आले. वाळूवर एकेक ठोकून बसवले. थोरलीने भाकीत केलं होतं तसं फटींतून गवत डोकावलं, फाटकाजवळचा एक खचून वाजायलाही लागला, पण ते कुणाला बोलून दाखवायचं तिला तोंड नव्हतं. सांडलेलं पाणी वाळूत मुरून जायचं. सकाळी ती सवयीने फडकं घेऊन बाहेर यायची आणि पुसायला काही नसायचं. शिक्षा गेली, शरम तेवढी राहिली.

आणि पायरीवर गाठोडं येईना. धाकटी बोलायची, नाही असं नाही. "मीठ आहे का", "दार लावून घ्या" इतपत. पण कपडे पोचवायला तिने नवऱ्याला धाडलं. त्याने मास्तरांची पँट डॉक्टरीणबाईंच्या घरी दिली, आणि डॉक्टरीणबाईंचा झगा मास्तरांनी घरी पोचल्यावर उलगडून बघितला.

"मला नाही जमत हे," एकदा सगळे एकत्र जेवायला बसले असताना तो म्हणाला. "वहिनींना का नाही देत? काही झालंय का तुमच्यात? वहिनी, तुम्हीच सांगा. तुम्ही काही खोटं बोलायच्या नाहीत."

थोरलीचा घास हातातच राहिला. सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"त्यांचे गुडघे दुखतात म्हणून," धाकटी मध्येच म्हणाली आणि पाणी आणायला उठली. परत आली तेव्हा तिने थोरलीचा पेला भरला. तिच्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री थोरलीला जेवण गेलं नाही. आपलं खोटं झाकायला आज दुसरीला खोटं बोलावं लागलं, आणि तेही जिचं नुकसान झालं तिला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका साध्याशा सकाळी, पायरीवर गाठोडं होतं. गाठ नेहमीसारखी डाव्या हाताने मारलेली, सैल. वर चिठी नाही, हाक नाही. थोरलीने ती गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि निघाली. मरण्याआधीची तिची ही शेवटची फेरी. पण ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं, नाही तर तिने चांगल्या चपला घातल्या असत्या.

मास्तरांची पँट मास्तरांना दिली. डॉक्टरीणबाईंनी झगा उलटासुलटा करून पाहिला, झिप वरखाली केली आणि विचारलं, "धाकट्या बाईंचा हात कसा आहे?"

"वळत नाही," थोरली म्हणाली.

त्यांनी पडदा दिला, खालून दोन बोटं कमी करायला. दोन बोटं, दोन बोटं, असं स्वतःशी घोकत थोरली घरी आली. धाकटी दारात बसून बटणं निवडत होती.

"दोन बोटं कमी करायचाय."

"कुणाची बोटं?"

"त्यांची. जाडी आहेत. तू तुझी अडीच धर."

धाकटीने पडदा मांडीवर घेतला आणि डाव्या हाताची बोटं काठावर ठेवून बघितली. थोरलीने चपला काढल्या आणि ती आपल्या घरात गेली.