शेठची ऑटोमॅटिक

वाघोबाच्या खिंडीतल्या चढावर शेठची गाडी नुसती बोंबलत होती, जागची हलत नव्हती. स्टिअरिंगवर ड्रायव्हर रघुनाथ, शेजारी मी, मागे शेठ. डोक्यावर काकड्यांची पाटी घेतलेली एक बाई चालत आम्हाला मागे टाकून गेली. तिने वळून पाहिलं तेव्हा शेठनी पेपर तोंडासमोर धरला.

गोष्ट नव्वदीतली. बोईसरच्या एमआयडीसीत माझं गॅरेज होतं आणि शेठचा केमिकलचा कारखाना. गाडी परदेशी, जुनी, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो आणि ताकद वाढते. वर गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचचं पायडल नाही. इंजिनाची ताकद तेलाच्या दाबावर चाकांपर्यंत जाते. तेल कमी पडलं की गिअर स्लिप होतो. मग इंजिन पळतं आणि गाडी तिथेच. अशी गाडी आमच्या भागात एकच होती आणि तिचा एक्स्पर्ट मी, कारण दुसरं कोणी तिला हात लावायला धजत नव्हतं.

गाडी हळूहळू मागे घेत वाघोबाच्या देवळासमोरच्या सपाट जागेत लावली.

"मिस्त्री, गिअरबॉक्स गया?" शेठनी विचारलं.

"उतरवावा लागेल," मी म्हणालो. जन्मात एकही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मी उघडला नव्हता, हे सांगितलं नाही. "तेल कमी नाही ना, रघुनाथ?"

रघुनाथला ते लागलं. "कमी कसं आसंल? रोज सकाली बगतो. उलट जास्तच आसतं. मग मी काडतो."

"काढतोस?"

"तेल मोजायच्या पट्टीवर खुनेच्या वर दिसलं की थोडं थोडं काडतो. केलव्याला वाडीतल्या रहाटाला घालतो. आता रहाटाचा आवाज नाय."

शेठ खाली उतरले. "मेरा इंपोर्टेड तेल तेरे कुएँ को? उद्यापासून येऊ नकोस."

रघुनाथचा चेहरा उतरला. आठ वर्षांची नोकरी होती आणि दोन मुली पालघरला शाळेत. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी गाडीच्या खणातलं कंपनीचं पुस्तक काढलं. त्याचं प्लास्टिकही कोणी फाडलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं: या गिअरचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना बघावं. बंद केलं की वर चढलेलं तेल खाली उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. म्हणजे रघुनाथ रोज सकाळी बरोबर असलेलं तेल काढत होता.

मी हळूच विचारलं, "इंजिन बंद ठेवून तेल बघायला तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच की, मिस्त्री. गाडी बंद, गार, सपाट जागा. मगच पट्टी."

खरं होतं. इंजिनाच्या तेलाचा नियम म्हणून सगळ्या ड्रायव्हरांना मी हेच पढवायचो.

"क्या लिखा है?" शेठनी विचारलं.

खोटं सांगणं सोपं होतं. इंग्रजी पुस्तक शेठ वाचणार नव्हते आणि रघुनाथ तोंड उघडणार नव्हता.

"शेठ, चूक माझी आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं.

मग रघुनाथच चाचरत म्हणाला, "या आटवड्याची बाटली डिकीत हाय. रविवारी घरी नेनार होतो."

इंजिन चालू ठेवलं, शेठच्या पेपरचं नरसाळं केलं आणि पट्टीच्या नळीतून बाटली रिकामी केली. पट्टी खुणेला लागली. गाडीने चढ असा घेतला की शेठ सीटवर मागे आदळले. काकडीवाली बाई आता मागे पडली.

रघुनाथची नोकरी राहिली. सोमवारी शेठनी त्याला ते पुस्तक देऊन माझ्याकडे पाठवलं, मला शिकवायला. तासभर तो इंग्रजी अक्षरं जुळवत एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता आणि मी मान डोलवत होतो.

आळशी चेला चुकीचं शिकवलेलं विसरून तरी जातो. रघुनाथसारखा भेटला, तर रोज सकाळी न चुकता पाळतो.