जेवलेला माणूस परत येतो

ज्यांच्या घरावर पत्रे बसले असं तुम्ही सगळ्यांनी वाचलंत, ते खेमाबाबा परवा गेले.

त्यांच्या घरावर पत्रे कधी बसलेच नाहीत.

हे वाक्य मी किती वेळा लिहून पुसलं. कुणावर खोटा आळ यायला नको. म्हणून फक्त डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितेय.

पावसाळ्याआधीच्या वादळात वरच्या पाड्यांवरची कौलं उडाली, तेव्हा मी याच प्रोफाइलवरून तुमच्याकडे मदत मागितली होती. तुम्ही दिलीत. आईने सारंगखेड्यात बायकांना भेटून गोळा केलं. सगळं आपण त्या मोठ्या संस्थेकडे दिलं. नाव लिहीत नाही, ज्यांनी दिलं त्यांना माहीत आहे.

पत्रे यायचा दिवस ठरला. तळोद्याहून जीपने मीही संस्थेच्या लोकांसोबत वर बाबांच्या पाड्यावर गेले.

वर लाह नावाची रीत आहे. कुणाचं घर उभारायचं असलं की घरटी एक माणूस येतो. मजुरी कुणी घेत नाही, घरवाला जेवू घालतो.

आणि जो जेवला, तो काम पुरं होईपर्यंत मोकळा होत नाही.

बाबांनी लाह बोलावली होती. आम्ही पोचलो तोवर लोकांनी उरलंसुरलं जुनं छप्परही उतरवून ठेवलं होतं. नवं येणार म्हटल्यावर जुनं ठेवून काय करायचं.

पत्रे उतरवले. कुडाला टेकवून उभे केले. वर बॅनर बांधला. बाबांना मध्ये उभं करून फोटो झाले. संस्थेच्या सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग बकऱ्याचं मटण आणि मक्याची भाकर. सगळे पोटभर जेवलो. मीही.

जेवण झाल्यावर सर म्हणाले की हुक-बोल्ट यायचे आहेत, तोवर पत्रे गोडाऊनला सेफ राहतील. पत्रे परत गाडीत चढले.

बाबा स्वतः चढवू लागले.

नंतर संस्थेच्या पेजवर दुसऱ्या पाड्याचे फोटो आले. कुडाला टेकवलेले पत्रे. पहिल्या पत्र्याचा कोपरा दुमडलेला. बाबांच्या अंगणातही तोच पत्रा पहिला होता.

मी आईला दाखवलं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. आईने फोटो बघितला आणि एवढंच म्हणाली, "तू शिकेल शे ना? मंग इचार त्यास्ले."

विचारलं. फोन केले, मेल केले, ऑफिसला जाऊन बसले. सर कधी चिडले नाहीत. चहा दिला. म्हणाले, "ताई, प्रोसेस असते. ऑडिट क्लिअर आहे. फोटो अपलोड आहेत. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, छप्पर.

ते हसले. मला वाटतं त्यांना तो खरंच विनोद वाटला.

त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रारही केली. पोच मिळाली.

पाड्यावरचे लोक बाबांना म्हणत होते की सागाची पानं आणि गवत घालून आपणच शाकारून टाकू, परत लाह बोलाव. बाबा ऐकेनात. पहिली लाह अजून पुरी झालेली नाही, मग दुसरी बोलावायची कशी? म्हणजे पहिल्या लाहेला जेवून गेलेले पाहुणे खोटे, असंच म्हणायचं ना?

मीही सांगून पाहिलं. ते येतील असं वाटत नाही, बाबा.

ते माझी समजूत काढल्यासारखे म्हणाले, "जेवले ना ते आपल्याकडे? जेवलेला माणूस परत येतो, ताई."

पाऊस लागला. त्या दिवशीचा बॅनर तेवढा मागे राहिला होता, तोच त्यांनी वर बांधला. छापलेली बाजू आत. आडवं पडलं की वर सरांचा हसरा चेहरा.

मी गेले तेव्हा बाबा खोकत होते. वर बोट दाखवून म्हणाले, "बघ, सर आमच्याकडेच राहायला आले. पाऊस आला की रडतात."

त्यांची बायको, गुलीआजी, म्हणाली की मेले रडतात ते बरोबर माझ्याच अंथरुणावर. दोघं हसली. मला हसू आलं नाही.

तो खोकला मग गेलाच नाही. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

काल संस्थेच्या पेजवर बाबांचा तोच पत्र्यांसमोरचा फोटो आला. 'आमचे लाभार्थी आपल्यात नाहीत.' खाली डोनेशनचा क्यूआर कोड. माझ्या ओळखीतल्या काहींनी हात जोडलेत. त्यांना दोष नाही, त्यांना काय माहीत.

पण आता तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दिलं होतं, म्हणून सांगितलं. विचारा त्यांना. विचारून काय होतं, ते मला माहीत नाही. माझ्या विचारण्याने तर बाबांच्या अंगावरचा एक थेंब अडला नाही.

आज सकाळी गुलीआजीचा निरोप आला. शेजारच्या पोरीच्या फोनवरून. मला वाटलं काही हवं असेल.

आजी म्हणाली, "यांच्या दिवसांचं जेवण आहे. त्या सरांना सांग. आमच्या घरी जेवलेत ते, त्यांना बोलवायला पाहिजे."

मी सरांना कळवलं. उत्तरात जोडलेल्या हातांचा इमोजी आला.

मला आजीला हे सांगता आलेलं नाही.

खेमाबाबा, त्या दिवशी खालून येऊन तुमच्याकडे जेवलेल्यांपैकी मी एकटी येतेय. माझ्याकडे पत्रे नाहीत, हुक-बोल्ट नाहीत, कुणाचं उत्तरही नाही.

तळोद्याहून पहिल्या जीपने निघते. लोक आजीसाठी गवत कापायला घेणार आहेत असं ऐकलंय. मी भारे वाहीन.

तुमची लाह अजून संपलेली नाही, बाबा. तुम्ही मात्र आता वाट बघू नका.