झुंजीची कुत्री आणि आमचे मामा

जगात कुत्र्याला घाबरणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि कुत्र्यांविषयी सगळं ठाऊक असणारी माणसंही शोधली तर सापडतील. पण ही दोन्ही माणसं एकाच लेंग्यात वावरतात असं उदाहरण माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरं नसेल. बाळकुमला एका संकुलात तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. दूध आणायला खाली उतरायचं तर आधी गॅलरीतून वाकून कुत्री कुठे कुठे बसली आहेत ते पाहतात आणि मग मार्ग ठरवतात. एखादं पिल्लू शेपूट हलवत जवळ आलं, तर पिशवी छातीशी धरून भिंतीला पाठ लावतात, आणि त्याच अवस्थेत, आवाज जराही न कापता, त्या पिल्लाच्या पूर्वजांचा इतिहास सांगू लागतात. लहानपणी लांज्याकडे गावी असताना त्यांना कुत्रं चावलं होतं आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तो विषय निघाला की त्यांचा हात अजून आपोआप बेंबीकडे जातो. मामी म्हणतात, "घरात झुरळ दिसलं की मला हाक मारतात, आणि गप्पा कसल्या, तर अस्वलाशी लढणाऱ्या कुत्र्यांच्या!"

नोकरीची सगळी वर्षं मामांनी खोपटच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीमागे काढली. त्यामुळे कोण कुठून आलं आणि कशासाठी आलं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माणसांपुरतं ते ठीक होतं. पण कधीतरी एक प्रवासी त्या खिडकीवर कुत्र्यांच्या जातींवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला आणि परत मागायला आलाच नाही. शत्रूची माहिती असलेली बरी, म्हणून मामांनी ते उघडलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, शेजारी शब्दकोश ठेवून वाचता वाचता झुंजीच्या कुत्र्यांचं प्रकरण आलं, आणि तिथे जे मामा बसले ते आजतागायत उठले नाहीत. निवृत्तीनंतर मोबाइल हातात आल्यावर तर विचारूच नका.

"कुत्र्याच्या अंगावर जे जे विचित्र दिसतं ना जावईबापू, ते कुणीतरी कामासाठी करून घेतलेलं असतं," हा त्यांचा सिद्धांत. बुलडॉगचं नाक मागे का? तर वळूचं नाक जबड्यात धरून लोंबकळताना श्वास घेता यावा म्हणून. जुन्या इंग्लंडात वळू कापण्याआधी त्याला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडत. छळलेल्या जनावराचं मांस मऊ होतं अशी समजूत होती, आणि ते बघायला गाव पोराबाळांसकट जमे. अमक्या चिनी कुत्र्याचं कातडं सैल का? तर धरलं तरी कातड्यातल्या कातड्यात वळून उलट चावता यावं म्हणून. कान का कापायचे? तर समोरच्याच्या दातांना धरायला काही उरू नये म्हणून. ही माहिती मामा कुठे सांगतील याचा नेम नाही. माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याशेजारी उभं राहून ते गंभीरपणे म्हणाले, "बुलडॉगच्या पिल्लाचं डोकं माणसाने इतकं मोठं करून ठेवलंय की आईची सुटका होत नाही, बहुतेक वेळा पोट फाडावं लागतं." पाळणा हलवणाऱ्या बायका थबकल्या. मामींनी त्यांच्या हातात घुगऱ्यांची वाटी कोंबली आणि त्यांना स्वयंपाकघरात पिटाळलं.

एकदा माजिवड्याच्या सिग्नलला आमच्या रिक्षाशेजारी एक लांबलचक गाडी येऊन थांबली आणि तिच्या खिडकीतून रॉटवायलरने डोकं बाहेर काढलं. मामा सरकत सरकत माझ्या मांडीवर आले. तिथे स्थानापन्न झाल्यावर म्हणाले, "हा मूळचा खाटकांचा. गुरं हाकायची, मांसाची गाडी ओढायची. कष्टाळू जात आहे." सिग्नल सुटला, गाडी निघून गेली, पण मामा काही कापूरबावडीपर्यंत मांडीवरून उतरले नाहीत.

मी हसायचो, पण खरं सांगतो, एक गोष्ट सांगताना मामांचा आवाज बसायचा आणि मग माझंही हसू जायचं. वळूंच्या झुंजी कायद्याने बंद झाल्या तेव्हा खेळ थांबला नाही. वळू लपवता येत नाही, कुत्रा लपवता येतो, म्हणून तळघरांत खड्डे करून कुत्र्यापुढे कुत्रा सोडायला सुरुवात झाली. "खड्ड्यात दोन कुत्र्यांबरोबर दोन माणसंही असायची," मामा सांगायचे. "रक्ताने माखलेल्या कुत्र्याला मालकाने हाताने सोडवायचं. तेव्हा जो माणसाला चावला, त्याला मारून टाकायचे. असं पिढ्यान्पिढ्या. मग जात कशी तयार झाली? कुत्र्याचा जीव घेईल, पण माणसाला दात लावणार नाही. अहो, माणसावरचा विश्वाससुद्धा आपण त्यांच्यात झुंजीसाठीच पैदा करून घेतला." हे सांगून झालं की ते बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

त्या खड्ड्यातल्या जातीचाच एक कुत्रा मामांच्या संकुलासमोरच येऊन राहील, हे कुणाला वाटलं होतं? फाटकासमोर नलूबायचा बंगला आहे. नलूबाय म्हणजे बाळकुमच्या मूळच्या. सासरा मिठागरात राबला, नवऱ्याने भातशेती केली, आणि जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर मुलाने पिटबुल आणला. आणला तोच कान कापलेला. मुलाने त्याचं नाव ठेवलं डेंजर, गळ्यात पितळी काटे लावलेला पट्टा घातला, चार फोटो काढले, आणि त्याची हौस फिटली. मग कुत्रा नलूबायच्या गळ्यात पडला. त्या त्याला बोंबलाचं कालवण आणि भात घालायच्या आणि संध्याकाळी ओट्यावरून हाक मारायच्या, "डेंजर, जेवाला ये रं बाला!" डेंजर मान खाली घालून यायचा आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून झोपायचा. मामा रस्त्याच्या या कडेला उभे राहून हे रोज बघायचे. नलूबाय म्हणायच्या, "या ना भाऊ, यो काय करत नाय. याला मांजराचं भ्याव वाटतं." मामा तिथूनच हात जोडायचे.

मामांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता तेवढा श्रोतृवर्ग आता मिळाला. संध्याकाळी बागेत मंडळी जमायची आणि मामा समोरच्या बंगल्याकडे बोट दाखवून इतिहास सांगायचे. पण आपले लोक कीर्तनातून चपला चोरीला गेल्याचं तेवढं लक्षात ठेवतात, त्यातली गत. मामा सांगायचे की हा कुत्रा धरलं तर सोडत नाही. लोक ते ऐकायचे. मामा पुढे सांगायचे की हा माणसाला चावत नाही म्हणूनच त्याचा वंश टिकला. तोवर लोक भाजी चिरायला घरी गेलेले असायचे.

त्या रविवारी मी बाळकुमलाच होतो. नलूबाय अंगण झाडत होत्या, अंगणाच्या दाराची कडी नीट लागली नव्हती, आणि फाटकापाशी बसणारा एक भटका कुत्रा ओट्यावरच्या ताटलीपर्यंत पोहोचला. पुढच्या क्षणी त्याची मान डेंजरच्या जबड्यात होती. माणसं धावली. कुणी काठ्या घातल्या, कुणी बादली ओतली, आणि जितकं मारावं तितका डेंजर घट्ट धरू लागला. नलूबाय रडत होत्या, दोन-तीन जण मोबाइलवर चित्रण करत होते. इतक्यात जिन्यातून मामा आले. पायात चप्पल नाही, हातात मामींचं लाकडी उलथणं. "मारू नका! मारलं की त्याला वाटतं झुंज चालू आहे!" असं ओरडत ते गर्दीत घुसले. पिल्लाला पाहून भिंतीला चिकटणारे आमचे मामा त्या कुत्र्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले, गुडघ्यांनी त्याची कंबर आवळली, पट्टा धरला, आणि उलथण्याचा दांडा मागच्या दाढांमध्ये सरकवून पिळला. जबडा सुटला. भटका लंगडत गटारापलीकडे गेला. मामांचा हात मनगटापर्यंत डेंजरच्या तोंडात होता; त्याने तो चाटला. मग मामा फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि इतके थरथरू लागले की मी आणि मामींनी त्यांना धरून वर नेलं.

मला वाटलं, आता तरी लोकांना उरलेली अर्धी गोष्ट कळली असेल. कसलं काय. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक भरली आणि जो तो मामांचाच दाखला देऊ लागला. "काकाच म्हणाले होते ना, हा मारण्यासाठीच बनवलाय!" मामा उभे राहिले. "मी असंही म्हणालो होतो की तो माणसाला..." अध्यक्ष म्हणाले, "काका, थोडक्यात सांगा." मामांना आजवर थोडक्यात काही सांगता आलेलं नाही. ते वळूच्या खुंटापासून सुरू झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे खुनी आहे, पण सज्जन आहे!" सगळे हसले. पोलिसात तक्रार करायचं ठरलं. मामा खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

तक्रारीची वेळ आलीच नाही. चित्रण मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होतं, आणि त्या आठवड्यातच एका सकाळी टेम्पो येऊन डेंजरला घेऊन गेला. नलूबाय मासळी आणायला गेल्या होत्या. परत आल्या तर साखळी रिकामी. "मना इचारलं पन नाय," एवढंच त्या मामांना म्हणाल्या. मामांनी नलूबायच्या मुलाला गाठलं, मीही बरोबर होतो. तो बिचारा खुशीत होता. "टेन्शन नको काका. मुरबाड रोडला फार्महाऊस आहे, एकदम मोकळी जागा. ऐश करेल तो. त्यांनी व्हिडिओ बघूनच फोन केलेला."

"घेताना काय विचारलं त्यांनी?" मामा म्हणाले.

"काय नाय. वय, वजन. दात बघितले. आणि हां, विचारत होते, मार खाल्ला तर मागे हटतो का."

मामांनी माझा दंड धरला. राखणीला कुत्रा नेणारा माणूस हे विचारत नाही, हे मलासुद्धा कळलं. आणि पुढचं सगळं मामांना पाठ होतं. उपाशी कसं ठेवतात, वजन कसं उतरवतात, आधी कुठलं दुबळं जनावर पुढे टाकतात, हरलेल्याचं काय करतात. इतकी वर्षं जे चवीने वाचलं, ते आता एकेक करून डेंजरवर होत असणार, आणि मामांना ते न बघता दिसत होतं. त्या दिवसापासून बागेतली व्याख्यानं बंद झाली. मामी मला फोनवर म्हणाल्या, "अरे, जेवताना मध्येच घास खाली ठेवतात. मला काही सांगत नाहीत. तू विचार ना."

मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. पोलिसांकडे जाऊन झालं होतं, त्यांनी पत्ता मागितला होता; मुलाकडचा नंबर बंद लागत होता आणि पत्ता टेम्पोवाल्यालाही आठवत नव्हता. म्हणून मामा दर रविवारी कल्याणला उतरून मुरबाडची एसटी धरतात, मधल्याच एखाद्या फाट्यावर उतरतात, आणि चहाच्या टपऱ्यांवर, पंक्चरच्या दुकानांत मोबाइलमधला फोटो दाखवत फिरतात. "असा कुत्रा कुठे पाहिलात का हो?" लोक त्यांना वरपासून खालपर्यंत बघतात. वाटेत कुत्री भुंकली की मामा माझ्या मागे लपतात, आणि ती गेली की पुन्हा पुढे होतात. भीती तिळमात्र कमी झालेली नाही.

असेच कितीतरी रविवार गेले. मग एकदा एका वीटभट्टीपाशी कामकरी बाई म्हणाली, "तसला एक तिकडं नाल्यात पडलाय. दोन दिस झाले." मामा धावत गेले. मी मागे. नाल्याच्या कडेला तो पडला होता. तोच रंग, तसेच कापलेले कान, तोंडभर जखमा, एक डोळा गेलेला. मामा लांबूनच बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हा नव्हे. त्याच्या छातीवर पांढरं होतं." आणि वळून चालू लागले. मीही निघालो. रस्त्यापर्यंत आल्यावर मामा थांबले. परत फिरले. नाल्यात उतरले, कुत्र्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले, आणि हात पुढे केला. कुत्र्याने एका डोळ्याने पाहिलं आणि शेपटीचं टोक हललं, अगदी थोडं. "रिक्षा बघ," मामा म्हणाले.

कल्याणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले, आणि अंधार पडता पडता आम्ही बाळकुमला पोहोचलो. रिक्षा थांबल्याचा आवाज ऐकून नलूबाय ओट्यावरून धावत खाली आल्या. पोत्यावरचं डोकं त्यांनी उजेडाकडे वळवलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"यो माझा डेंजर नाय."

"नाही," मामा म्हणाले.

नलूबायने त्या कापलेल्या कानांवरून बोट फिरवलं. "मेल्यांनी याचंपन कान तसंच कापलंन," म्हणाल्या, आणि आत जाऊन भात घेऊन आल्या.

तो कुत्रा जगला. ओट्यावर असतो. मामा संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात, दोन्ही पाय वर घेऊन. बागेतल्या मंडळींनी एकदा लांबूनच विचारलं, "काका, मिळाला ना शेवटी?" मामांनी मान हलवली, हो की नाही, ते कुणाला कळलं नाही. नलूबायने त्याला अजून नाव ठेवलेलं नाही. आणि मामा अजूनही दर रविवारी सकाळी कल्याणला जातात.